गुलाबी बोंडअळीचे गोत्र

कपाशीच्या बोंडात शिरून सरकी पोखरणारी गुलाबी अळी शेतकऱ्याच्या चांगल्याच परिचयाची आहे. परंतु तिच्यापासून होणाऱ्या इवल्याशा करड्या पतंगाचे गोत्र ठरविताना शास्त्रज्ञांना बराच खल करावा लागला. भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून साँडर्स यांनी १८४३ साली त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे त्याची गणना 'गेलेकिया' या प्रजातीत झाली. दिसण्यात सारखे असे कितीतरी बारीक पतंग तीत एकत्र कोंबलेले होते. १९१७ साली बस्क यांनी त्याच्यासाठी 'पेक्टिनोफोरा', म्हणजे 'कंगवाधारी', ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. हा केवळ नावांचा खेळ नव्हे. क्वीन्सलंडमधील हुबेहूब तशीच अळी १९२६ साली निराळ्या जातीची ठरली. शत्रू नेमका ओळखल्यावाचून त्याचा बंदोबस्त कसा व्हावा?