ताखी मायभूमीत परतला

मंगोलियाचा रानघोडा ताखी १९६९ नंतर रानात दिसेनासा झाला. उरला तो प्राणिसंग्रहालयांत. आजचे सगळे ताखी तिथल्या जेमतेम डझनभर पूर्वजांचे वंशज. १९९२ मध्ये युरोपातून विमानाने आलेले घोडे मंगोलियातल्या हुस्ताई आणि गोबीतल्या ताखीन तालला उतरले, तेव्हा प्राणिसंवर्धनाच्या इतिहासातलं एक सुंदर पान लिहिलं गेलं.

त्यांना लगेच मोकळं सोडलं नाही. आधी मोठ्या कुंपणांत ठेवलं, म्हणजे तिथली थंडी, तिथलं गवत सवयीचं व्हावं आणि कळप जुळावेत. कळप म्हणजे एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरं. नर जवळ आला की नाकाला नाक लावून हुंगणं, खिंकाळणं. घोडीला जवळीक नको असेल तर लाथही. मान जमिनीलगत झुकवून, कान मागे पाडून नर कळप एकत्र हाकतो. लांडग्यांसमोर शिंगरांसाठी उभा राहतो तोही हाच.

२००९-१०च्या भीषण हिवाळ्यात गोबीतले बहुतेक ताखी दगावले. उरलेल्यांनी कळप पुन्हा वाढवले, आणि पुढे प्राग प्राणिसंग्रहालयानेही विमानाने आणखी घोडे तिथे पोहोचवले.