टोमॅटोला फुलं आली, टोमॅटो कुठायत?

हा प्रश्न मला सगळ्यात आधी मेसच्या काकांनी विचारला. मागच्या वर्षीचा मार्च महिना. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी आमच्या सहा बादल्या, प्रत्येकीत कमरेएवढं टोमॅटोचं झाड, झाडावर पिवळी फुलं आणि खाली कोब्यावर त्याहून जास्त पिवळी फुलं. काका कपडे वाळत घालायला वर आले होते. म्हणाले, "काय रे, आता फुलांचीच भाजी करायची का?"

तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढे बरीच रोपं मारल्यावर, पुस्तकं चाळल्यावर आणि कॅम्पसच्या माळीमामांचं डोकं खाल्ल्यावर थोडंफार कळलं. आता कॉरिडॉरमध्ये कुणी ना कुणी अडवून काहीतरी विचारतंच. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. मी मेकॅनिकलचा, शेतकीचा नाही, हे आधीच सांगतो.

तर टोमॅटो. त्याच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे मधमाशी आलीच पाहिजे असं नाही. वाऱ्याने फूल हललं तरी पराग आतल्या आत पडतो. गडबड करतं ते तापमान. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर जायला लागला आणि रात्रीही बाविसेकच्या खाली येईना, की परागकण नीट तयार होत नाहीत आणि फळ न धरताच फूल गळतं. त्यात आपली गच्ची म्हणजे दिवसभर तापलेला स्लॅब, रात्री बारा वाजतासुद्धा चप्पल काढवत नाही. जमिनीवरच्या झाडाला थोडी थंड रात्र मिळते, आपल्या बादलीला तीही नाही. आमची चूक एकच होती: बी जानेवारीत टाकलं. ऑगस्टअखेर बी टाका, महिन्याभराने रोप मोठ्या बादलीत हलवा, म्हणजे फळं थंडीत धरतील. सकाळी फुलांच्या देठाला टिचकी मारली तर आणखी बरं. आणि युरिया टाकू नका. नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानांनी माजतं.

फळ धरलं, पण बुडाशी काळा चट्टा पडला, हाही टोमॅटोचाच प्रश्न. लोक रोग समजून औषध मारतात. पण ही कॅल्शियमची कमतरता असते, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, ते फळापर्यंत पोचत नाही. कारण ते पाण्याबरोबर वर चढतं आणि आपण दोन दिवस पाणी विसरतो, तिसऱ्या दिवशी बादलीभर ओततो. पाणी रोज सारखं दिलं की पुढची फळं चांगली येतात. बिघडलेलं फळ सुधारत नाही, ते काढून टाका.

दुधीवाल्यांची तक्रार वेगळीच. शेजारच्या विंगमधल्या एकाचा वेल पार अँटेनापर्यंत गेला, रोज पांढरी फुलं, दुधी मात्र शून्य. त्याला वाटलं बी बोगस. वास्तविक दुधी, दोडका, कारलं, भोपळा यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात, आणि सुरुवातीला बहुतेक नरच येतात. मादी फूल ओळखायला सोपं: फुलाच्या मागे बोटाएवढा छोटा दुधी चिकटलेला असतो. चौथ्या मजल्यावर कीटक कमी फिरकले तर परागीकरण होत नाही, तो छोटा दुधी पिवळा पडून गळतो आणि पुन्हा आपण औषधाची बाटली काढतो. त्यापेक्षा नर फूल तोडा, पाकळ्या बाजूला करा आणि आतला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा हे काम चहानंतरचं. कारल्याचं आणि भोपळ्याचं सकाळी उमलतं. सकाळी उठणारा रूममेट असेल तरच भोपळा लावा.

धने उगवत नाहीत, असं म्हणणारे धने अख्खे पेरतात. एका धन्यात दोन बिया असतात. चपलेखाली हलकेच रगडून दोन डाळिंब्या करा, रात्रभर भिजवा आणि आठ-दहा दिवस वाट बघा. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, त्यामुळे तिच्याशी तुलना करून धन्याची कुंडी उकरू नका. एप्रिलमध्ये कोथिंबीर लावली तर चार पानांवरच ती फुलावर येते, तो तिचा स्वभाव आहे.

मिरचीची पानं आकसली की गावाकडे चुरडा-मुरडा म्हणतात. पान उलटं करून बघा. फुलकिडे असतील तर कडा वरच्या बाजूला वळतात, कोळी असेल तर खाली. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, मिसळण्यापुरता साबण, आणि संध्याकाळी फवारा. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात. पांढऱ्या माशीने व्हायरस आणला असेल तर मात्र इलाज नाही, झाड उपटा. शेजारची वाचतात.

आता खरा मुद्दा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ झाडांचं मरण कीड, खत, बी यांपैकी कशातच नसतं, पाण्यात असतं, आणि तेही कमी पाण्यात नव्हे. पानं मलूल दिसली की आपण पाणी घालतो. मुळं सडत असली तरी पानं मलूलच दिसतात, कारण सडलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. म्हणून आधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर मग खाली ठेवा.

"पण आम्ही तळाशी खडीचा थर दिलाय, पाणी कसं साचेल?" हे सगळ्यात जास्त ऐकतो, आणि विचारणारा सिव्हिलचा असला की मजा वाटते. बारीक मातीतलं पाणी केशाकर्षणाने धरलेलं असतं. खालच्या खडीतल्या पोकळ्या मोठ्या, त्यांची ओढ नगण्य. त्यामुळे वरची माती खालून पुरती संपृक्त झाल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही. म्हणजे ओल्या चिखलाचा थर खडीच्या वर तयार होतो, मुळांच्या आणखी जवळ! पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, टपटप थांबू द्या, मग तोच उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. उंची वाढली की पाणी निथळतं, म्हणून उथळ ट्रेपेक्षा उंच बादली बरी. तळाला चार-पाच भोकं, प्रत्येकावर खापरीचा तुकडा आणि वरपर्यंत एकच मिश्रण. खडी वर्कशॉपच्या मागे परत टाकून या.

भोकातून बाहेर पडलेल्या पाण्याने आम्हाला जवळजवळ गच्चीच्या बाहेर काढलं होतं. दिवाळीनंतर आलो तर वरच्या मजल्यावरच्या एका खोलीच्या छताला ओल आलेली. रेक्टर सरांनी वर येऊन पाहिलं आणि आठ दिवसांत सगळं खाली न्यायला सांगितलं. रागच आला. पण मग कागद-पेन घेऊन बसलो. आमच्याकडे २०० लिटरचे ड्रम मधोमध कापून केलेली आठ भांडी होती. एकात १०० लिटर माती, ओली असताना लिटरला साधारण पावणेदोन किलो, म्हणजे १७५ किलो. आणि ड्रमचा तळ जेमतेम पाव चौरस मीटर. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात लोकांचा वावर असलेल्या गच्चीला लाइव्ह लोड धरतात १.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे दीडशे किलो. आमच्या ड्रमखाली साडेसहाशेच्या वर भरत होता, आणि आठही ड्रम आम्ही स्लॅबच्या बरोबर मध्यभागी गोलात मांडले होते, छान दिसतात म्हणून! शिवाय ते थेट कोब्यावर, त्यामुळे खालची जागा वर्षभर कधी सुकलीच नव्हती. रेक्टर सर चुकले नव्हते.

सिव्हिलच्या एका सरांनी ड्रॉइंग काढून बीम कुठून जातात ते दाखवलं. ड्रम खाली मेसच्या मागे नेले. वर फक्त २० लिटरच्या रंगाच्या बादल्या, कठड्याच्या कडेने, बीमच्या रेषेवर, प्रत्येक बादली तीन विटांवर, म्हणजे खालून वारा जातो आणि पाणी सरळ पन्हाळीकडे वाहतं. पन्हाळीच्या तोंडाला जाळी, पाला अडकू नये म्हणून. मातीचं प्रमाण निम्म्यावर आणलं, बाकी कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं खत. सरांनी पावसाळ्यापर्यंत मुदत दिली आहे.

खताचं सांगायचं तर मेसमधल्या भाज्यांची सालं आणि देठ घ्या, पण उरलेली भाजी-आमटी नको. तेल-मिठाने वास सुटतो आणि उंदीर येतात. ओल्या कचऱ्याच्या दोन-तीन पट सुका पाला घाला. वास आला की समजा पाला कमी पडला. चहाचा चोथा चालतो, साखर धुऊन, नाहीतर मुंग्यांची जत्रा. हे काही आमचं डोकं नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००० च्या दशकात तिथल्याच कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली गेली. त्यामागचा विचार पुष्कळसा श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा.

फळझाडांबद्दल थोडक्यात. खाल्लेल्या हापूसची कोय लावली तर झाड येईल, पण हापूसच मिळेल असं नाही, त्यासाठी कलमच हवं. कागदी लिंबू बियांपासूनही बहुतेक आईसारखंच येतं, फक्त डिग्री संपेपर्यंत फळ दिसेलच याची खात्री नाही. पपई लवकर येते, पण नर झाड की मादी हे फुलं आल्याशिवाय कळत नाही. लांब लोंबत्या देठांवर फुलांचे झुबके आले तर नर. म्हणून एका जागी तीन रोपं लावायची आणि नंतर निवडायची. ही सगळी जमिनीतली कामं, गच्चीवर नकोत. मेसच्या मागे जागा आहे, फक्त पाणी साचणारा कोपरा सोडा, पपईची मुळं लगेच कुजतात.

राहिला पी.एल. आणि सुट्टीचा प्रश्न. मे महिन्यात बादलीला रोज पाणी लागतं, आणि हॉस्टेल रिकामं. झाकणाला बारीक भोक पाडलेली बाटली उलटी खोचली तर दोन दिवस निघतात, महिना नाही. म्हणून एप्रिलअखेर भाज्या काढून घ्यायच्या, मातीवर पाल्याचा जाड थर द्यायचा आणि जूनमध्ये भेंडी-गवारीने पुन्हा सुरुवात करायची. मिरचीची चार झाडं काकांनी सांभाळायचं कबूल केलंय, मिरच्या मेसला या अटीवर. गच्चीची किल्ली वॉचमनमामांकडे असते, सकाळी सातच्या आत मागा. आणि पहिला मोठा पाऊस झाला की वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीचं छत बघायला रेक्टर सर येणार आहेत. त्या दिवशी जे हॉस्टेलवर असतील त्यांनी आदल्या रात्री पन्हाळीची जाळी साफ करून ठेवा.