खेळाची संहिता आणि मराठीचा वर्ग

व्हिडिओ गेमचे लेखन विद्यापीठात शिकवावे, असे मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने म्हणावे, हे श्रोत्यांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. स्मृतिव्याख्यानास संतवाङ्मयासारखा विषय अधिक शोभला असता, असेही कोणी म्हणेल. परंतु मराठी गद्याच्या आरंभीच खेळ आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव द्यूतात हरतो, पत्नी अलंकार देण्यास नकार देते आणि तेथून त्याच्या विरक्तीची वाट सुरू होते. पुढे तेच चक्रधरस्वामी म्हणून ओळखले गेले. ते भडोच आपल्या कामरेजहून महामार्गाने तासा-दीड तासावर आहे.

आणखी एक उदाहरण मोक्षपटाचे. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. गुजरातेतील जैनांकडे त्याच जातीची ज्ञानबाजी आहे. या पटावर सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असतात. रचणाऱ्याने प्रत्येक घराला अर्थ दिला. घरांचा क्रम मात्र कवड्यांवर सोडला. आजच्या खेळाचा लेखक हेच करतो. प्रसंग त्याचे असतात, क्रम खेळणाऱ्याचा.

हे वाटते तितके सोपे नाही. प्रत्येक प्रसंगाच्या अखेरीस खेळणाऱ्याला दोन वाटा दिल्या आणि अशी दहा वळणे ठेवली, तर शेवटच 1024 होतात आणि एकूण प्रसंग 2047. एका खेळात त्यांतील अकराच दिसणार! म्हणून अनुभवी लेखक वाटा पुन्हा एकत्र आणतो. आषाढी वारीत निरनिराळ्या मार्गांनी आलेल्या पालख्या पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला भेटतात, तसे. मात्र कोण कोणत्या वाटेने आला याची नोंद खेळाने ठेवावी लागते. मागे ज्या म्हातारीला पाणी नाकारले, तिने पुढे भेटल्यावर ते विसरलेले असता कामा नये. कथानकाच्या एकात्मतेविषयी आपण वर्गात जे शिकवतो, त्याची याहून कठोर परीक्षा मला ठाऊक नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या भागाकडे येतो. निवृत्तीनंतर एका महाविद्यालयात चार दिवस हा विषय शिकवण्याचा प्रयोग मी केला. पहिल्याच दिवशी एका मुलीने फळ्यावर वाक्य लिहिले : ‘तुला तलवार सापडला.’ वर्ग हसला. चूक तिची नव्हती. इंग्रजी खेळात वाक्याचा साचा एकच असतो आणि वस्तूचे नाव तेवढे यंत्र बदलते. मराठीत तलवार सापडली, भाला सापडला, नाणे सापडले. विभक्ती लागली की घोडा घोड्याला होतो, नाणे नाण्याने होते. म्हणजे प्रत्येक नामाबरोबर त्याचे लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप यांची नोंद यंत्राला पुरवली पाहिजे. हे काम केवळ संगणक शिकलेल्याचे नव्हे. तेथे व्याकरण जाणणारा माणूस हवा.

खेळणाऱ्याला संबोधावे कसे, हा प्रश्न तर अधिकच नाजूक आहे. समोर मुलगा आहे की मुलगी, हे लेखकाला माहीत नसते. ‘तू जिंकलास’ म्हणावे की ‘तू जिंकलीस’? ‘तुम्ही जिंकलात’ म्हटल्याने अडचण टळते, पण कथेतील आई लेकराला तुम्ही कशी म्हणेल? येथे मोरो केशव दामले यांचे 1911 सालचे शास्त्रीय मराठी व्याकरण कामी आले. ‘तू दार उघडलेस’, ‘तू कडी काढलीस’ या वाक्यांत क्रियापदाचे लिंग कर्माप्रमाणे बदलते, कर्ता पुरुष की स्त्री हे उघड होत नाही, आणि शेवटच्या ‘स’मुळे ‘तू’ची जवळीकही राहते. हा कर्तृकर्मसंकर प्रयोग. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो गुणांसाठी पाठ केला आणि परीक्षा संपताच सोडून दिला. त्या मुलीने त्याच्या आधारे आपला संपूर्ण प्रसंग फिरवून लिहिला, तेव्हा माझ्या अनेक वर्षांच्या अध्यापनाला एक नवाच उपयोग सापडल्यासारखे वाटले.

हे लेखन आपल्या माणसांनी केले नाही, तर काय होईल? उधना-लिंबायतेतील खानदेशी घरांची मुले शाळेत गुजराती वा हिंदी, खेळात इंग्रजी आणि घरात अहिराणी बोलत वाढतात. त्यांच्यापुढे उद्या मराठी खेळ येईल, तो यंत्राने जोडलेल्या वाक्यांचा. खेळातील पहारेकऱ्याचे एखादे वाक्य मूल शंभर वेळा ऐकते. पाठ्यपुस्तकातील वाक्य फार तर दोनदा. ‘तलवार सापडला’ शंभर वेळा ऐकलेल्या कानाला कोणता मास्तर काय सांगणार?

संधी नाहीत असेही नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ 2020 मध्ये आला. त्यात भावाला शोधणाऱ्या मुलीची कथा विष्णू आणि दुर्गा सांगतात. मूळ निवेदन इंग्रजीत आहे. 2024 च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, खेळ आदी क्षेत्रांसाठी मुंबईत राष्ट्रीय केंद्र मंजूर केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मराठीला अभिजात दर्जा मिळाला. या दोन घटनांचा परस्परसंबंध आमच्या मराठी विभागांनी जोडायचा आहे.

अभ्यासक्रमासाठी फार साधने लागत नाहीत. आरंभी पोस्टकार्डाएवढे कागद पुरतात : एका कागदावर एक प्रसंग, खाली पुढच्या कागदांचे क्रमांक. नंतर ट्वाइन हे 2009 पासूनचे विनामूल्य साधन घ्यावे. मराठीच्या अध्यापकाबरोबर संगणकाचा अध्यापक वर्गात असावा. नाट्यविभागातील कोणी वगनाट्याचा जाणकार मिळाल्यास उत्तमच. आयत्या वेळी प्रेक्षकाला उत्तर देणारा सोंगाड्या या विद्येतला आपला जुना गुरू आहे.

परीक्षा मात्र वेगळी घ्यावी लागेल. विद्यार्थ्याने लिहिलेला खेळ दुसऱ्याने त्याच्यासमोर खेळावा आणि लेखकाने तोंडातून चकार शब्द काढू नये. खेळणारा जेथे अडखळेल, तेथे परीक्षकाने खूण करावी. नंतर परीक्षकाने तोच खेळ निदान तीन निरनिराळ्या वाटांनी स्वतः खेळावा आणि मगच गुण द्यावेत. यात एका उत्तरपत्रिकेस तासभर सहज लागेल, आणि परीक्षकाचे मानधन त्या हिशेबाने वाढवण्याची तरतूद अभ्यासमंडळाने पहिल्याच बैठकीत करून घ्यावी.