खासदार म्हणजे तालुकदार नव्हे

निजामी अमदानीत अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य अंमलदाराच्या, कचेरीपुढे अर्ज घेऊन ताटकळण्याची जी सवय मराठवाड्याच्या रयतेला जडली, ती 1948 च्या मुक्तीनंतरही समूळ गेली नाही. आणि म्हणूनच नांदेड-लातूरचा मतदार आजही आपल्या खासदाराकडे रस्ता मंजूर करणारा, बदली थांबवणारा, प्रसंगी तहसीलदारास ताकीद देणारा एक वरिष्ठ अंमलदार याच दृष्टीने पाहतो. वस्तुतः हुकूम सोडण्याचा कोणताही अखत्यार खासदारास नाही. 1993 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या आणि आज सालिना पाच कोटी रुपयांची मर्यादा असलेल्या स्थानिक विकास निधीतूनही तो केवळ कामाची शिफारस करतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. कायदे करणे, करांस व खर्चास संमती देणे किंवा ती नाकारणे, आणि मंत्रिमंडळास जाब विचारणे हे जे संसदेचे खरे अधिकार, ते एकट्या सभासदाचे नसून सभागृहाचे आहेत.

जिल्हा तोच मतदारसंघ, हा समजही असाच निराधार: लोहा नांदेड जिल्ह्यात असून लातूरच्या खासदारास मत देते, तर लातूर जिल्ह्यातील औसा धाराशिवच्या.

आपल्या माणसास उच्च पद लाभले की लोकसभेत आपल्या भागाचे मत अधिक वजनदार होते, ही समजूत मात्र अधिक खोलवर रुजलेली आहे, आणि तिचे निराकरण आपल्याच दोन थोर पुढाऱ्यांच्या उदाहरणाने होते. 28 जुलै 1993 रोजी नरसिंह राव सरकारवरील अविश्वासाचा ठराव 251 विरुद्ध 265 मतांनी फेटाळला गेला, तेव्हा लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष होते आणि नांदेडचे शंकरराव चव्हाण देशाचे गृहमंत्री. परंतु त्या मोजणीत दोघांचेही मत नव्हते. अध्यक्षास मतदानाचा अधिकार केवळ दोन्ही बाजूंस समसमान मते पडली तरच प्राप्त होतो, म्हणजे लातूरच्या लक्षावधी मतदारांचा प्रतिनिधी त्या दिवशी निःपक्षपातीपणाच्या बंधनाने मुका होता. आणि शंकरराव राज्यसभेचे सभासद असल्यामुळे, मंत्री म्हणून लोकसभेत भाषण करण्याची त्यांना मुभा असली तरी मत देण्याची नव्हती. या व्यवस्थेत मला तरी उणेपणा दिसत नाही.

दोन्ही सभागृहे समान बलाची, हेही पैशाच्या बाबतीत खरे नाही. धनविधेयक राज्यसभेने चौदा दिवसांत परत करावयाचे असते, तिच्या सूचना स्वीकारणे लोकसभेच्या मर्जीवर. आणि खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर मत फक्त लोकसभाच देते.

सभागृहातील रिकामी बाके पाहून ‘खासदार काम करीत नाहीत’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांस बहुधा ठाऊक नसते, की सूक्ष्म छाननीचे बरेचसे काम बंद दाराआड चालणाऱ्या समित्यांत होते. चाकूरकरांच्याच अध्यक्षपदाच्या काळात, 1993 च्या एप्रिलात, खात्यानिहाय सतरा स्थायी समित्या अस्तित्वात आल्या. 2004 मध्ये त्यांची संख्या चोवीस झाली आणि प्रत्येकीत लोकसभेचे एकवीस व राज्यसभेचे दहा सभासद असतात, मंत्र्यास मात्र तेथे सभासदत्व नाही. अंदाजपत्रकावरील सर्वसाधारण चर्चा आटोपली की सभागृहाचे कामकाज काही काळ स्थगित होते आणि या समित्या सचिवांस समोर बसवून मागण्यांची तपासणी करतात. हे पक्षभेद बाजूस सारून चालणारे काम वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येत नाही, हे आपल्या पत्रसृष्टीचे दुर्दैव. पुढे सभागृहात मुदत संपताच उरलेल्या साऱ्या मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात, ज्यास ‘गिलोटिन’ म्हणतात. तेव्हा अनेक खात्यांच्या खर्चाची जी काही तपासणी झालेली असते, ती समितीतच. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, ही तिची मर्यादा खरी. परंतु त्यांवर काय कारवाई केली याचे उत्तर खात्याने तीन महिन्यांत द्यावयाचे असते, आणि त्या उत्तराचीही छाननी करून समिती दुसरा अहवाल सभागृहापुढे ठेवते.