चाक फिरते, चाक वळते

सायकल चालवताना तुम्ही एकाच वेळी दोन कामे करता. पायडल मारून मागचे चाक फिरवता आणि हँडलने पुढचे चाक वळवता. आता असा एक छोटा रोबो डोळ्यांसमोर आणा, की ज्याची तिन्ही चाके एकदम, एकाच दिशेला वळतात. रोबोचे तोंड मात्र वळत नाही. समोर पाहता पाहताच तो खेकड्यासारखा बाजूला सरकतो. असा रोबो तुम्हांला घरी करता येईल. त्यासाठी गिअर, म्हणजे दातेरी चाके, लागतात. ती विकत मिळतात. पण खोक्याच्या पुठ्ठ्याचीही करता येतात.

प्रथम मोटर पाहू. खेळण्यातली मोटर फार वेगाने फिरते, पण तिच्यात जोर कमी असतो. समजा, ती मिनिटाला 3000 फेरे घेते आणि रोबोचे चाक 7 सेंटीमीटर व्यासाचे आहे. चाकाचा परीघ झाला 22 सेंटीमीटर. मोटर चाकाला थेट जोडली, तर हिशेबाने रोबो ताशी सुमारे 40 किलोमीटर वेगाने पळायला हवा! प्रत्यक्षात तो जागचा हलणारही नाही. म्हणून वेग कमी करून जोर वाढवायचा. मोटरचा दांडा 2 मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्यावरून एक रबरबँड 4 सेंटीमीटर व्यासाच्या कप्पीवर न्या. कप्पी मोटरच्या एक विसांश वेगाने फिरेल. कप्पीच्या आसावर 8 दात्यांचे आणि रोबोच्या चाकावर 24 दात्यांचे गिअर बसवा. वेग पुन्हा एक तृतीयांश होईल. आता चाक मिनिटाला 50 फेरे घेईल आणि रोबो 11 मीटर जाईल. जोर मात्र पूर्ण 60 पट वाढणार नाही. काही भाग घर्षणात खर्च होतो.

वाटेत भिंत आली, तर रबरबँड घसरेल आणि मोटर वाचेल. चाल देताना एवढे घसरणे चालते, उलट उपयोगीच पडते. वळवताना ते चालत नाही. तेथे दातेच हवेत.

सायकलच्या पुढच्या चाकाला असतो तसा चिमटा रोबोच्या प्रत्येक चाकाला करा. चिमट्याचा उभा दांडा चाकाच्या बरोबर मध्यावर यावा. तिन्ही दांड्यांच्या वरच्या टोकांना 24 दात्यांची गिअर घट्ट बसवा. या तिघांच्या मधोमध तेवढ्याच दात्यांचे चौथे गिअर ठेवा. मधले उजवीकडे फिरवले, की बाकीची तिन्ही डावीकडे आणि सारखीच वळतात.

गिअर करण्यासाठी खोक्याच्या पुठ्ठ्याचा एका बाजूचा कागद ओला करून अलगद सोला. आत नागमोडी कागद दिसेल. त्याच्या घड्या म्हणजेच आपले दाते. दाते आडवे येतील अशी पट्टी कापा आणि दाते बाहेर ठेवून ती बरणीच्या झाकणाभोवती चिकटवा. खरी अडचण पट्टीची दोन टोके जुळवताना येते. दोन दात्यांत 8 मिलिमीटर अंतर असेल, तर 24 दात्यांना 192 मिलिमीटर लागतात. झाकण 6 सेंटीमीटर व्यासाचे असेल, तर परीघ सुमारे 189 मिलिमीटर भरतो. तीन मिलिमीटर कमी! येथे घाईघाईने एक दाता कापू नका. एका गिअरला 23 दाते झाले, तर मधल्या गिअरच्या पूर्ण फेऱ्यानंतर दोन चाके मूळ जागी येतील आणि तिसरे साडेपंधरा अंशांनी चुकेल. मग चाके एकमेकांशी भांडतील. त्यापेक्षा झाकणालाच कागदाचे वेढे द्या. कागद एक दशांश मिलिमीटर जाडीचा असेल, तर पाच वेढ्यांनी व्यास 1 मिलिमीटरने वाढतो आणि परीघ जुळतो.

मोटर एका चिमट्यावरच बसवणे सर्वांत सोपे. पण चिमटा वळत राहिला, तर तारांना पीळ पडतो. मोटर वर ठेवायची असेल, तर उभ्या दांड्याच्या फिरण्याने आडवा आस फिरवावा लागेल. ही युक्ती नवी नाही. हिंदीतला ‘रहट’ म्हणजेच मराठीतले रहाटगाडगे. त्यात बैलाने फिरवलेले आडवे चाक लाकडी दात्यांनी उभ्या चाकाला फिरवते. लाहोर, दिपालपूर आणि सरहिंद या भागांतील अशा चाकांचे वर्णन बाबराने ‘बाबरनामा’त केले आहे. पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांवर काड्या रोवून तुम्हीही तसे गिअर करू शकाल. मात्र चिमटा वळला, की खालची चकती वरच्या चकतीभोवती घरंगळते. त्यामुळे मोटर बंद असली, तरी चाक थोडे सरकते.

म्हणून पहिल्या रोबोची मोटर चिमट्यावरच असू द्या. जमिनीवर खडूने चौकोन आखा आणि रोबोचे तोंड दाराकडे करा. एक बाजू संपली, की मधले गिअर बरोबर 6 दाते फिरवा. 24 दात्यांचा तो चौथा भाग, म्हणजे काटकोन. चार बाजू होऊन पुन्हा पहिली दिशा धरेपर्यंत तारांना एक पूर्ण पीळ पडतो, तेव्हा पुढचा चौकोन उलट दिशेने काढा. तोंड अजून दाराकडेच आहे ना, ते पाहा. नसेल, तर पुन्हा एकदा प्रत्येक गिअरचे दाते मोजा.