उद्या नागपूरहून विमान आहे

पहाटे साडेपाच. तिकिटांचं दुकान म्हणजे नऊला शटर वर करायचं काम, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण सकाळच्या विमानाचा प्रवासी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या आर्णीहून अंधारातच निघतो आणि माझा पहिला फोन रस्त्यातूनच येतो. यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पोचायला साडेतीन-चार तास लागतात. आजचा फोन कळंबच्या अलीकडून आला. पुण्याला पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला निघालेला पोरगा, सोबत वडील. "ताई, पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकली. चालते ना?"

नाही चालत. गाडी बाजूला घ्या, आत्ताच काढा आणि पाठीवरच्या बॅगेत ठेवा.

त्याला कारण सांगितल्याशिवाय मी फोन ठेवला नाही. नुसतं "नाही" ऐकलेला माणूस पुढच्या वेळी तेच करतो. लिथियमची बॅटरी आतून बिघडली की स्वतःच तापत जाते आणि पेटते. हातातल्या बॅगेत धूर निघाला तर विमानातले कर्मचारी पाणी ओतू शकतात, ती वस्तू वेगळी करू शकतात. विमानाच्या पोटात सामानाच्या ढिगात पेटली तर उडत्या विमानात तिथवर कोणी जाऊ शकत नाही. तिथली आग विझवायची यंत्रणा ज्वाळा दाबते, पण बॅटरीच्या आतली उष्णता थांबवत नाही. हातातल्या बॅगेतही ती वरच्या कप्प्यात न टाकता डोळ्यांसमोर ठेवावी. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी जमिनीवरच जळालं. माणसं वाचली. आग वरच्या सामानाच्या कप्प्याजवळ लागली होती आणि पॉवर बँक हेच तिचं संभाव्य कारण असल्याचं तपासात पुढे आलं.

किती मोठी चालते, हा पुढचा प्रश्न ठरलेला. १०० वॅट-तासांपर्यंत बिनधास्त. १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते. त्यावर मुळीच नाही. बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची भरते, म्हणजे चालते. मात्र तिच्यावर छापलेला आकडा वाचता आला पाहिजे. पुसला असेल तर अडवू शकतात.

नऊ. दुकान उघडलं. तिकिटाची प्रत काढून देताना मी तिच्यावर पेनानं दोन आकडे मोठे करून लिहिते, १५ आणि ७. देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्यांत मोठी बॅग १५ किलो आणि हातातली ७ किलो. त्याच्या खाली तिसरी ओळ असते, मोठी बॅग देण्याची खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते. हुकाचा वजनकाटा दुकानातच टांगलेला आहे, कोणीही येऊन बॅग मोजून जावी, पैसे नाहीत. तूरडाळ, ज्वारीचं पीठ, तिखट, वड्या-पापड भरले की १५ किलो कधी ओलांडले ते घरच्यांना कळत नाही. जास्तीच्या प्रत्येक किलोला विमानतळावर जे पैसे मोजावे लागतात, त्यात पुण्यात चारपट डाळ येते.

साडेदहा. सौदीला कामावर परत चाललेला एक जण आईला घेऊन आला. आईच्या हातात मसाल्याचा डबा. वऱ्हाडी रस्सा खाल्लेल्याला सांगायला नको की त्या मसाल्यात भाजलेलं खोबरं असतं आणि खसखस असते. मी डब्याचं झाकण काढायच्या आधीच विचारलं, "मावशी, खसखस टाकली का?"

"टाकली ना बाई. खसखशीबिगर मसाला होते का? घरचाच हाय, बाहेरचं काई नाई त्यात."

दिवसभरातला माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच पाहिजे. आपल्याकडे किराणा दुकानात उघड्या पोत्यातून मिळणारी खसखस अफूच्याच झाडाचं बी आहे. आपल्या अमली पदार्थांच्या कायद्यानं बी वगळलेलं आहे, म्हणून इथे ती गुन्हा नाही. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर या देशांत ती अमली पदार्थात मोजतात. तिथे "आईनं दिलं, मला ठाऊक नव्हतं" हे उत्तर तुरुंगाच्या दारातून परत आणत नाही. भारतात विमानात चढताना कोणी अडवलं नाही म्हणजे उतरताना अडवणार नाहीत, असंही नाही. इथली तपासणी विमानाच्या सुरक्षेची असते, तिथली त्यांच्या कायद्याची. ही दोन दारं वेगळी आहेत, हे मी प्रत्येकाला सांगते.

मावशींचा चेहरा उतरला. मसाला कांडायला दोन दिवस गेले होते. मी म्हटलं, हा घरी ठेवा आणि खसखस न टाकता थोडा नवा करा, प्रवासाला अजून चार दिवस आहेत. तोही मोठ्या बॅगेत, कारण मसाला आणि तिखटाची पूड हातातल्या बॅगेतून काढून घेतात. डोळ्यांत फेकता येणारी कुठलीही वस्तू प्रवासी कक्षात नको असते.

मग मुलाच्या औषधांची पिशवी उघडली. कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल होतं. आखाती देशांत त्यावर कडक नियंत्रण आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या काही गोळ्या यांचंही तसंच. डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावासह इंग्रजीत चिठ्ठी घ्यायची, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवायच्या आणि त्या देशाची आगाऊ परवानगी लागते का ते आधी पाहायचं. लागत असेल तर परवानगी हातात आल्याशिवाय नेऊ नये. दुसऱ्याच्या गोळ्या तर कधीच नाहीत.

दुपारी बारा. जवळच्याच एका घरी बोलावणं होतं. मुलगी बाळंतपणानंतर बंगळुरूला परत निघालेली, सुटकेस पलंगावर उघडी. ओटीचं सामान वर ठेवलेलं होतं, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याची अख्खी वाटी. शिवाय डिंकाच्या लाडवांसाठी म्हणून किलोभर सुकं खोबरं वेगळं.

खोबरं काढावं लागेल, असं म्हटल्यावर घरातली आजी माझ्यावर रागावली. "काहून वं? बॉम्ब हाय का तो?"

आजीच्या रागात तथ्य आहे, म्हणून मी खाली बसून सांगितलं. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या आसपास तेल असतं. ढिगात, दमट-गरम जागी ठेवलं तर ते तेल हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू मिसळतं, उष्णता साठत जाते आणि बाहेरून ठिणगी न लागताही पेट घेऊ शकतं. खोबऱ्याची जहाजं हाकणाऱ्यांना हे फार जुन्या काळापासून माहीत आहे. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे, १३६३, आणि वर्ग आहे आपोआप तापणाऱ्या पदार्थांचा. मार्च २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोनं मोठ्या बॅगेत न्यायच्या नाहीत अशा वस्तूंत ते घातलं. त्यानंतरही विमानतळांवर पकडल्या जाणाऱ्या वस्तूंत खोबरं वरच्या क्रमांकावर राहिलं आहे, कारण ज्या घरात ओटी भरली जाते त्या घरापर्यंत ही बातमी पोचलेलीच नाही. दोष त्या घरांचा नाही. तिकिटासोबत येणारी निषिद्ध वस्तूंची चित्रं पाहा, त्यात पिस्तूल, गॅसची टाकी, ॲसिडची बाटली असते. खोबऱ्याची वाटी मला तरी कुठे दिसलेली नाही.

नियम करणारे ऐकतच नाहीत, असं मात्र नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडी या पूजेच्या गाठोड्यातला नारळ हातातल्या बॅगेत नेता यावा म्हणून सरकारनं ऑक्टोबर २०२४ मध्ये २० जानेवारी २०२५ पर्यंत सवलत दिली. शीख प्रवाशांना देशातल्या उड्डाणांत कृपाण बाळगता येतं, पातं ६ इंच आणि एकूण लांबी ९ इंचांच्या आत असेल तर. आमच्या रस्त्यानं खाली गेलं की गुरुद्वाऱ्याचं नांदेड लागतं, त्यामुळे हे विचारणारेही येतात. श्रद्धेच्या वस्तूला वाट करून दिली जाते, पण मोजून आणि लेखी. खोबऱ्याचं तसं होणार नाही, कारण तिथे प्रश्न पेट घेण्याचा आहे. कापराचंही तेच, तो कुठल्याच बॅगेत चालत नाही. आगपेटी आणि लायटरही दोन्हीकडे बंद.

शेवटी आजीनं स्वतःच तोडगा काढला. खोबऱ्याच्या वाटीनं ओटी इथे घरीच भरली, वाटी देव्हाऱ्यात ठेवली, आणि लाडू इथेच करून डब्यात भरले. लाडू चालतात. अडकित्ता आणि छोटी विळी चालते का, हे नातीनं विचारलं. मोठ्या बॅगेत, पातं नीट गुंडाळून, हो. हातातल्या बॅगेत नाही. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत, झाकणाला टेप लावून आणि दोन पिशव्यांत.

अडीच. कापसाच्या गावातलं एक वेगळंच काम. दिल्लीला मुलाखतीला निघालेल्या मुलानं बॅग दाखवायला आणली, तिला खताचा वास येत होता. घरात जागा नाही म्हणून बॅग खताच्या पोत्यांशेजारी ठेवलेली. विमानतळावर कापडाची पट्टी बॅगेवर फिरवून यंत्रात घालतात, ते यंत्र स्फोटकांचे कण शोधतं आणि नायट्रेटची खतं त्याच कुळातली. असा कण सापडला तर गुन्हा होत नाही, पण बॅग पूर्ण उपसतात, चौकशी होते, वेळ जातो. बॅग धुवून वाळव किंवा मित्राची घे, असं त्याला सांगितलं. फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली, नमुना म्हणून दाखवायला, असलं काही तर कुठल्याच बॅगेत नाही. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ते विष बंद विमानात सांडलं तर काय होईल, हे आम्हाला तरी कोणी समजावून सांगावं लागू नये.

चार. हजला जाणारे दोन वयस्क भाऊ आले. नागपूरहूनच त्यांचं विमान सुटतं, ही आमच्या भागाची मोठी सोय. त्यांचा प्रश्न परतीचा होता, जमजमचं पाणी कसं आणायचं. बॅगेत भरायचं नाही, सौदीत ते काढून टाकतात. हज कमिटीतून जाणाऱ्यांसाठी विमान कंपनीच पाणी आणते आणि परत उतरल्यावर पाच लिटरचा डबा हातात देते. हे ऐकून दोघं निवांत झाले. खसखशीचं त्यांनाही सांगितलं.

पाचच्या सुमारास अमेरिकेतल्या मुलाकडे निघालेले निवृत्त गुरुजी आले. त्यांना तीन गोष्टी. हातातल्या बॅगेतली द्रव वस्तूची बाटलीच १०० मिलिलिटरची हवी, २०० ची अर्धी भरलेली चालत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानात नेण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून हे आहे. दुसरं, कढीपत्ता नेऊ नका. त्यावरची कीड लिंबू-संत्र्याच्या झाडांना मारणारा रोग पसरवते म्हणून अमेरिकेनं तो बंद केलाय, आणि संत्र्याच्या विदर्भातल्या माणसाला हे पटायला हवं. तिसरं, खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर खरं लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड होतो.

साडेसहा. दिवसातलं सगळ्यात अवघड काम आता. विमानानं कोण चाललंय हे गावात कळतं आणि लोक पुडकी घेऊन येतात. "माह्या पोराले एवढं द्या." नाही म्हणणं नात्यात बसत नाही. तरी मी म्हणायला लावते. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान अटलांटिकवर स्फोटात उडालं, ३२९ माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. काउंटरवरही विचारतात, बॅग तुम्हीच भरली का. शेजाऱ्याचं पुडकं घ्यायचंच असेल तर त्याच्यासमोर उघडून, एकेक वस्तू बघून, आपल्या हातानं पुन्हा बांधून घ्या. शिवलेलं, चिकटवलेलं काहीच घेऊ नका. ज्याचं मन साफ आहे त्याला उघडून दाखवायला वाईट वाटणार नाही.

साडेआठ. शटर खाली करायच्या आधी उद्याच्या प्रवाशांना एकेक फोन. विमान कंपन्यांना आणि विमानतळांना माझी एक मागणी आहे, तिकिटासोबत मराठीत एक पान द्या, आणि त्यात पिस्तुलाच्या आधी खोबरं, खसखस, कापूर, पॉवर बँक लिहा. ते येईपर्यंत, वाचकहो, निघायच्या आदल्या रात्री घरातल्या थोरांना शेजारी बसवून सुटकेस पूर्ण रिकामी करा आणि पुन्हा भरा. काढायचं ते घरीच काढा. घरी काढलेली वस्तू घरातच राहते, विमानतळावर काढलेली परत मिळत नाही.