लेकरांच्या पावलांनी गौताळा

कन्नडहून चाळीसगावकडे निघालेली गाडी औट्रम घाटाच्या तोंडाशी आली, की आत बसलेल्या मोठ्या माणसांची लगबग सुरू होते. कोणी पिशवीतून लिंबू काढतो, कोणी खिडकीशी जागा मागतो, कोणी लेकराचे डोके मांडीवर घेऊन त्याला डोळे मिटायला सांगतो. वळणे संपेपर्यंत झोपलास म्हणजे मळमळणार नाही, हा त्यामागचा हिशेब. हिशेब बरोबरच आहे; फक्त त्यात एक गोष्ट निसटते. मराठवाड्याचे पठार जिथे एकाएकी संपते आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो, तो सगळा देखणा उतार आपली मुले डोळे मिटून पार करतात. घाट त्यांच्या आठवणीत उरतो तो पोटातल्या ढवळण्यापुरता.

या घाटाला ज्याचे नाव आहे त्या जेम्स औट्रमचे बालपण मात्र पायी हिंडण्याच्या मुलखात गेले. जन्म इंग्लंडातल्या डर्बीशायरचा, १८०३ चा. बाप लवकर वारला आणि आई मुलांना घेऊन स्कॉटलंडात, ॲबर्डीनच्या बाजूला राहायला गेली. शाळा तिथे, कॉलेज तिथे. १८१९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो कंपनीच्या फौजेत दाखल होऊन हिंदुस्थानात आला आणि १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी करण्याचे काम त्याच्यावर पडले. सातमाळ्याच्या डोंगरांत फौजा पाठवून जे साधत नव्हते, ते त्याने भिल्लांबरोबर रानात हिंडून, शिकारी करून साधले. त्या मैत्रीचा उपयोग शेवटी कंपनीचे राज्य पक्के करण्यासाठीच झाला, हे विसरण्याचे कारण नाही. पण डोंगरातल्या माणसांपर्यंत पोचायचे तर डोंगर पायांनी ओळखावा लागतो, एवढे त्या परक्या तरुणाला कळले होते. आपल्या स्वतःच्या मुलांना आपण ते शिकवतो का?

शिखर कोणाला हवे आहे?

स्कॉटलंडात डोंगर चढणे हा घराघरातला छंद आहे. तीन हजार फुटांवरच्या शिखरांना तिथे ‘मन्रो’ म्हणतात. ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने १८९१ मध्ये त्यांची पहिली यादी छापली. आजच्या गणतीप्रमाणे अशी २८२ शिखरे आहेत आणि ती एकेक करून ‘पुरी’ करणारे हजारो लोक आहेत. त्याच ॲबर्डीनजवळ आयुष्य काढलेली नॅन शेफर्ड ही लेखिका मात्र या शिखरमोजणीपासून दूर राहिली. केअरनगॉर्म पर्वतावरचे तिचे छोटे पुस्तक लिहून झाल्यावर तीसेक वर्षे तसेच पडून होते. ते छापले गेले १९७७ मध्ये. डोंगराच्या माथ्यावर जाण्यापेक्षा डोंगराच्या आत जावे, ओढ्यात पाय बुडवावेत, दगडाला हात लावून पाहावा, असा तिचा एकूण सूर आहे.

लहान मुलांना डोंगरावर नेलेल्या कोणालाही हे पुस्तक न वाचता कळते. पाच-सात वर्षांच्या लेकराला शिखराचे काही पडलेले नसते. ‘वर गेल्यावर काय दिसेल माहीत आहे का?’ या आमिषाने ते दहा पावले चालते आणि मग वाटेतल्या मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवे बसते. आपल्याला वाटते, हे थकले. ते थकलेले नसते. त्याचे ठिकाण आलेले असते. मोठ्यांचा डोंगर माथ्यावर असतो, मुलांचा तो वाटेवर पसरलेला असतो. हा फरक ज्याला उमगला त्याची सहल सुखाची होते. ज्याला उमगत नाही तो दिवसभर ‘चला, चला’ करीत राहतो आणि संध्याकाळी म्हणतो, पोरांना घेऊन पुन्हा कधी यायचे नाही.

कण्हदास सोनार आणि पाच फण्यांचा नाग

मुलांच्या मापाने आखलेली वाट म्हणावी अशी एक जागा आपल्या तालुक्यातच आहे. पितळखोरे! वेरूळपासून सुमारे ४० किलोमीटर. बहुतेक डोंगर आधी चढावे लागतात. इथे पठारावरून दरीत उतरायचे. पायऱ्या आहेत, मध्येच वळणे आहेत, खाली ओढा आहे आणि पावसाळा संपता संपता गेलात तर लेण्यांच्या शेजारी धबधब्याची धारही असते. परतीची चढण शेवटी येते एवढे मात्र ध्यानात ठेवावे. पाणी आणि खाऊ तेवढ्यासाठी राखून ठेवावा.

इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकाच्या सुमारास ही लेणी खोदायला सुरुवात झाली. म्हणजे अजिंठ्यातल्या जगप्रसिद्ध चित्रांपेक्षा ती कितीतरी जुनी. इथला दगड ठिसूळ, त्यामुळे पडझड फार. पण मुलांना पडझडीचे दुःख नसते. त्यांना हत्तींची रांग दिसते. दाराशी भाले घेऊन उभे असलेले दोन रखवालदार दिसतात. आणि सगळ्यांत आवडतो तो पाच फण्यांचा नाग. डोंगरातून झिरपणारे पाणी बाहेर काढण्यासाठी कारागिरांनी आतून पन्हळ खोदली आणि तिचे तोंड या नागाच्या फण्यांत उघडले. पाण्याची वाट काढायचीच आहे तर ती गंमतीने काढू, असे दोन हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी वाटले. ही गोष्ट मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

त्यांना सांगावी अशी दुसरी गोष्ट कण्हदासाची. १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी इथला ढिगारा उपसला, तेव्हा त्यातून एका ठेंगण्या, ढेरपोट्या, हसऱ्या यक्षाची मूर्ती निघाली. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. या यक्षाच्या हातावर ती घडवणाऱ्याने आपले नाव कोरले आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. सोन्यावर काम करणाऱ्या माणसाने दगड हाती घेतला आणि त्याला हसवले! इथल्या शिलालेखांत राजे थोडे आणि अशी माणसेच अधिक भेटतात. पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव आहे, राजवैद्य मगिलाच्या घरची माणसे आहेत. शाळेच्या पुस्तकातला इतिहास मुलांना सनावळीत भेटतो. इथे तो सोनार, अत्तरवाला आणि वैद्य होऊन भेटतो. आपल्या गावच्या पेठेतल्या माणसांसारखाच.

जंगलातले गणित

याच डोंगररांगेच्या उत्तरेच्या पायथ्याशी, चाळीसगाव तालुक्याच्या हद्दीत, पाटणादेवी आहे. नवरात्रात तिथे गर्दी लोटते. पण त्या दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या किती आईबापांना ठाऊक असते, की गणितातले एक मोठे नाव या रानाशी जोडलेले आहे? भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ काढला आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळाले, असे सांगणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे स्वतःचे गाव नेमके कोणते, यावर पंडितांची मते निरनिराळी आहेत. मठ मात्र इथला, हे दगडावर कोरलेले आहे.

आता ‘लीलावती’तली उदाहरणे आठवून पाहा. वाऱ्याने मोडलेला वेळू, बिळाकडे निघालेला साप आणि त्यावर झेपावणारा मोर, झाडावरून उतरून तळ्याकडे जाणारी माकडे, फुलाफुलांवर वाटले गेलेले भुंगे. हे गणित खोलीत बसून सुचलेले वाटत नाही. भुंग्यांचे उदाहरण तर चालता चालता मुलांना घालावे असे आहे. थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश दुसऱ्या एका फुलावर, आणि या दोन संख्यांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर. एकच उरला, तो दोन सुगंधांच्या मध्ये घुटमळतो आहे. तर एकूण भुंगे किती?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्याबरोबर आलेल्या पोरांपैकी पाचवीतल्या एका मुलीने हे उत्तर कागदाशिवाय काढले. दगड मांडून मांडून तिने पंधरा सांगितले. ते बरोबर होते. शाळेत अपूर्णांक आला की पोटात गोळा येतो, असे तिची आई आदल्याच दिवशी सांगत होती. एका दिवसाने कोणाचे गणित सुधारत नाही, हे खरेच. पण अपूर्णांकाची भीती वहीच्या पानातून येते, त्यात भुंगे शिरले की ती काही काळ तरी बाजूला सरते, एवढे त्या दिवशी दिसले.

भीती कोणती खरी?

मुलांना रानात न्यायचे म्हटले की घरातून पहिला शब्द येतो, ‘पडतील.’ पडतात. गुडघे फुटतात. त्या भीतीला फार किंमत देऊ नये. पण काही भीती खऱ्या आहेत आणि त्यांना पुरती किंमत द्यावी. हा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. भर पावसात त्याच्या कडा निसटतात. ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत औट्रम घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला, ते अजून कोणी विसरलेले नाही. म्हणून ऐन पावसाळ्यात धबधब्याखाली लेकरे नेऊ नयेत. वर कुठे पाऊस झाला तर ओढा बघता बघता फुगतो. शेवाळलेल्या दगडावर फोटोसाठी उभे करणे तर नकोच. लेण्यांच्या छताला आग्यामोहोळ दिसले तर आरडाओरडा नाही, धूर नाही, अत्तरही नाही. गौताळा हे १९८६ पासून अभयारण्य आहे. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे. बिबट्या, अस्वल तिथे राहतात, आपण पाहुणे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी, ठरलेली वाट सोडू नये आणि अंधाराच्या आत बाहेर पडावे.

बाकी तयारी घरातलीच आहे. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस बरे. पहाटे निघावे, उन्हे चढण्याआधी चालणे उरकावे. पायात घट्ट बूट, अंगात पूर्ण बाह्या. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. कुरकुऱ्यांची पाकिटे घरीच ठेवावीत, कारण ती तिथेच पडतात. चार मुलांमागे एक मोठे माणूस असावे आणि सगळ्यांनी चालायचे ते सर्वांत लहान मुलाच्या वेगाने. हा शेवटचा नियम पाळणे मोठ्यांना सगळ्यांत अवघड जाते.

दोन बालपणे

स्कॉटलंडात २००३ साली कायदा झाला आणि बहुतेक सगळ्या जमिनींवरून, डोंगरांवरून जबाबदारीने चालण्याचा हक्क लोकांना मिळाला. आपल्याकडे अभयारण्याचे नियम वेगळे आहेत आणि ते असायलाही हवेत. पण हक्क कागदावर असो वा नसो, चालणारी पावले नसतील तर त्याचा उपयोग काय? आपल्या शाळांच्या सहली समुद्राला जातात, पाण्याच्या घसरगुंड्यांना जातात. कन्नडमध्ये दहावी झालेली आणि पितळखोरे न पाहिलेली मुले शोधायला फार लांब जावे लागत नाही. दुसरीकडे डोंगराच्या कडेच्या वाड्यावस्त्यांवरची मुले आहेत. ती शाळेलाही चालतच जातात, शेळ्यांमागे रान तुडवतात. सीताफळ कुठल्या झाडाचे आधी पिकते ते त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्या चालण्याला आपण सहल म्हणत नाही, गरिबी म्हणतो. एकाला चालायला मिळत नाही, दुसऱ्याला चालण्यावाचून गत्यंतर नाही, आणि दोघे एकाच तालुक्यात वाढतात.

मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ मजल दरमजल करीत गौताळ्यात पोचला आणि वनखात्याच्या कॅमेऱ्यात दिसला. कित्येक दशकांनी इथे वाघ आला होता. त्याला राहावेसे वाटेल असे रान टिकवायचे की नाही, हे उद्या ही मुलेच ठरवणार आहेत. कोणी ग्रामसभेत बसून, कोणी कचेरीत, कोणी नुसता मतदार म्हणून. ज्याने या रानात कुड्याचे फूल हुंगले आहे त्याचे मत आणि ज्याने घाट डोळे मिटून ओलांडला आहे त्याचे मत एकसारखे पडेल, असे मला वाटत नाही.

म्हणून शाळांना एवढेच सुचवावेसे वाटते. वर्षातली एक सहल गौताळ्याची काढा, आणि वाटाड्या म्हणून पायथ्याच्या शाळेतली मुले सोबत घ्या. कुठला दगड निसरडा आणि कुठल्या झाडाखाली बसू नये, हे त्यांनी सांगावे, शहरातल्यांनी ऐकावे. दुपारी सगळ्यांनी ओढ्याकाठी डबे उघडून एकमेकांच्या भाकऱ्या खाव्यात. त्या दिवशी डोंगरावरचे पोर पुढे चालेल आणि शिकवणीला जाणारे पोर त्याच्या मागून, त्याच्या पावलावर पाऊल ठेवीत.